धर्माचा पक्ष आणि राज्यसंस्था : पाकिस्तानच्या अनुभवाचा धडा

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)





आजचा विषय इस्लामवादी राजकीय पक्ष आणि राज्यसंस्था यांच्यातील संबंधांचा आहे. बौद्धांच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण धर्माच्या नावाने उभा राहिलेला पक्ष आणि राज्याची सत्ता यांची गाठ पडली म्हणजे दुबळ्या समाजांचे काय होते, हा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे. त्यासाठी मी पाकिस्तानचे उदाहरण घेतले आहे. त्या देशाच्या पहिल्या मंत्रिमंडळात आपल्या चळवळीतला एक माणूस कायदामंत्री होता. त्याच्या वाट्याला जे आले ते आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असले पाहिजे.

आधी एक खुलासा. इस्लामवादी पक्ष म्हणजे मुसलमानांचा पक्ष नव्हे. मुसलमानांच्या शिक्षणासाठी, नोकऱ्यांसाठी, संरक्षणासाठी भांडणारा पक्ष इस्लामवादी ठरत नाही. सार्वभौमत्व ईश्वराचे आहे, कायदा शरीयतचा असावा आणि राज्ययंत्रणा त्यासाठीच राबवावी असे मानणारा पक्ष तो इस्लामवादी पक्ष. असंख्य मुसलमान अशा पक्षांच्या विरोधात उभे राहिले आहेत व त्यापायी त्यांनी प्राणही गमावले आहेत. हा भेद ध्यानात ठेवूनच पुढचे विवेचन ऐकावे.

औरंगाबादचा जन्म, लाहोरचा पक्ष

या विचाराचे सर्वांत प्रभावी प्रवक्ते मौलाना अबुल आला मौदुदी हे आपल्या मराठवाड्याच्या भूमीत जन्मले. २५ सप्टेंबर १९०३ रोजी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांचा जन्म झाला. ज्या औरंगाबादेत पुढे १९५० साली बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केले, तेच हे गाव. एकाच मातीशी जोडलेल्या या दोन नावांनी राज्याचा अगदी परस्परविरुद्ध विचार मांडला.

ऑगस्ट १९४१ मध्ये लाहोरला जमलेल्या पाऊणशे माणसांसमोर मौदुदींनी जमाते इस्लामीची स्थापना केली. गंमत अशी की, त्यावेळी मौदुदी मुस्लिम लीगच्या पाकिस्तानच्या मागणीचे टीकाकार होते. लीगचे पुढारी पाश्चात्त्य राष्ट्रवादाचे अनुयायी आहेत, त्यांच्या हातून इस्लामी राज्य होणे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. फाळणी झाल्यावर ते लाहोरला गेले आणि जे राज्य त्यांनी मागितले नव्हते त्याला इस्लामी बनवण्याच्या कामाला लागले.

राज्याने त्यांचे स्वागत केले नाही. १९४८ साली त्यांना तुरुंगात टाकले. पुढील चाळीस वर्षांत हाच खेळ वारंवार दिसतो. राज्य एका हाताने पक्षाला तुरुंगात टाकते आणि दुसऱ्या हाताने त्याची मागणी मान्य करते.

ठराव आणि जोगेंद्रनाथ मंडल

जोगेंद्रनाथ मंडल हे बंगालमधील नामशूद्र समाजाचे पुढारी. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे ते बंगालमधील नेते होते. १९४६ साली मुंबईतून घटना समितीवर निवडून जाण्याचा मार्ग बाबासाहेबांना बंद झाला, तेव्हा बंगालमधून त्यांना निवडून आणण्यात मंडल यांचा पुढाकार होता. हे ऋण आपण विसरता कामा नये.

फाळणीनंतर मंडल पाकिस्तानात राहिले. पूर्व बंगालचा मुसलमान शेतकरी आणि नामशूद्र शेतकरी दोघेही जमीनदार-सावकारांच्या जाचाखालचे, म्हणून त्यांचे हित एक आहे, असा त्यांचा हिशेब होता. १० ऑगस्ट १९४७ रोजी पाकिस्तानच्या घटना समितीची पहिली बैठक त्यांच्याच हंगामी अध्यक्षतेखाली भरली. दुसऱ्या दिवशी बॅ. जिना यांनी आपले प्रसिद्ध भाषण केले. नागरिकाचा धर्म कोणता याच्याशी राज्यकारभाराचा संबंध राहणार नाही, असा त्याचा आशय होता. मंडल कायदा व कामगार मंत्री झाले.

पण ते एक भाषण होते, घटनेचे कलम नव्हते. सप्टेंबर १९४८ मध्ये जिना वारले. १२ मार्च १९४९ रोजी पंतप्रधान लियाकत अली खान यांनी मांडलेला उद्दिष्टांचा ठराव घटना समितीने मंजूर केला. अखिल विश्वाचे सार्वभौमत्व ईश्वराचे आहे आणि त्याने घालून दिलेल्या मर्यादेत राज्य आपला अधिकार चालवील, अशी त्याची भूमिका होती. विरोधी पक्षाचे श्रीशचंद्र चट्टोपाध्याय प्रभृती सभासदांनी या ठरावाला कडाडून विरोध केला. मियाँ इफ्तिखारुद्दीन यांच्यासारख्या मुसलमान सभासदानेही टीका केली. बिगर-मुस्लिम सभासदांच्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या.

हा ठराव जमाते इस्लामीने मंजूर करून घेतला नाही. घटना समितीत त्या पक्षाला बळच नव्हते. ठराव मांडला तो मुस्लिम लीगच्या पंतप्रधानाने. जमातने फक्त त्याचे स्वागत केले, आणि आता हे राज्य इस्लामी झाले असे मानून आपल्या अनुयायांना त्या राज्याशी सहकार्य करण्याची वाट मोकळी केली.

आता त्याच वर्षातील आपल्या घटना समितीकडे पाहू. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी घटनेच्या सरनाम्याची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी दुरुस्ती मांडली. मतदान झाले. ४१ विरुद्ध ६८ मतांनी ती दुरुस्ती पडली. आपला सरनामा "आम्ही भारताचे लोक" या शब्दांनी सुरू होतो. एका देशात सार्वभौमत्व ईश्वराकडे ठेवले गेले, दुसऱ्या देशात लोकांकडे. ईश्वर मतदानाला येत नाही. त्याच्या नावाने बोलणारी माणसे येतात, आणि मग त्यांचे मत इतरांच्या मताहून वजनदार ठरते.

१९५० साली पूर्व बंगालमध्ये दंगली झाल्या. नामशूद्रांची घरे जळाली, माणसे मारली गेली. मंडल मंत्री असूनही काही करू शकले नाहीत. अखेर कलकत्त्यास येऊन ८ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांनी लियाकत अली खान यांना राजीनाम्याचे सविस्तर पत्र पाठवले. दलितांवरील अत्याचारांची नावानिशी, गावानिशी जंत्री त्या पत्रात आहे. ज्या राज्याच्या घटना समितीच्या पहिल्या बैठकीचे अध्यक्षपद भूषवले, ते राज्य तीन वर्षांत सोडून यावे लागले.

बाबासाहेबांनी हा धोका आधीच ओळखला होता. नोव्हेंबर १९४७ मध्येच त्यांनी पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना भारतात येण्याचे आवाहन केले होते. तिकडे सफाईचे काम करणाऱ्या आपल्या बांधवांना आवश्यक सेवेच्या नावाखाली अडवून ठेवले जात आहे, अशी तक्रार त्यांनी डिसेंबर १९४७ मध्ये पंतप्रधान नेहरूंकडे केली. ज्या अस्पृश्याला स्पर्श चालत नव्हता, त्याचा झाडू मात्र नव्या राष्ट्राला हवा होता!

१९५३ : आग कुणी लावली?

१९५३ साली पंजाबात अहमदिया पंथाविरुद्ध मोठे आंदोलन उसळले. अहमदियांना बिगर-मुस्लिम ठरवा आणि अहमदिया असलेल्या परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांना काढा, अशा मागण्या होत्या. लोक मेले, दुकाने लुटली गेली आणि मार्चमध्ये लाहोरला लष्करी कायदा पुकारावा लागला. मौदुदींना लष्करी न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली. ती पुढे कमी झाली आणि १९५५ साली ते सुटले.

या दंगलींच्या चौकशीसाठी न्या. मुनीर आणि न्या. कयानी यांची समिती नेमली गेली. तिचा १९५४ चा अहवाल अभ्यासूंनी अवश्य मिळवून वाचावा. समितीने उलेमांना विचारले, मुसलमान कोणाला म्हणावे? दोन उलेमांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत. म्हणजे ज्या व्याख्येवर राज्य उभे करायचे, ती व्याख्याच ठरलेली नव्हती. त्याच अहवालातील दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ज्या वृत्तपत्रांनी आंदोलनाला तेल घातले, त्यांपैकी काहींना पंजाब सरकारनेच पैसा पुरवला होता, आणि तो प्रौढ साक्षरतेच्या निधीतला होता. गरिबांना अक्षरओळख करून देण्याचा पैसा द्वेष पसरवण्याकडे वळला. आग विझवण्याचे काम ज्यांचे, त्यांच्याच गोदामातून रॉकेल गेले होते.

मतपेटी काय सांगते?

पाकिस्तानची जनता धर्मवेडी म्हणून तिथे धर्मवादी पक्षांचे फावले, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. आकडे तसे सांगत नाहीत.

१९७० साली पाकिस्तानात प्रौढ मतदानाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. जमाते इस्लामीने राष्ट्रीय सभेसाठी दीडशेच्या आसपास उमेदवार उभे केले. ३०० जागांपैकी तिला मिळाल्या ४. पूर्व बंगालमध्ये शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने १६० जागा जिंकल्या. पश्चिमेकडे अन्न, वस्त्र, निवारा मागणाऱ्या भुट्टोंच्या पक्षाला ८१ जागा मिळाल्या. १९९३ साली जमातच्या आघाडीला ३ जागा मिळाल्या. सामान्य मुसलमान मतदाराने, शेतमजुराने, गिरणी कामगाराने या पक्षांना पुन्हा पुन्हा नाकारले.

सहा धार्मिक पक्षांच्या आघाडीने २००२ साली ३४२ पैकी साठेक जागा मिळवल्या, हा अपवाद. त्यामागे अफगाणिस्तानातील अमेरिकन युद्धाचा संताप होता, आणि राज्याचा हातभारही होता. जनरल मुशर्रफ यांनी उमेदवाराला पदवीची अट घातली आणि मदरशाची सनद मात्र पदवीसमान मानली. पुढे डिसेंबर २००३ मध्ये याच आघाडीच्या मतांनी मुशर्रफ यांच्या लष्करी राजवटीला घटनादुरुस्तीचे कवच मिळाले. देवघेव चोख होती.

मग लोकांनी नाकारलेल्या पक्षांच्या मागण्या कायदा कशा झाल्या? १९७४ साली अहमदियांना घटनेत बिगर-मुस्लिम ठरवले गेले ते भुट्टोंच्या समाजवादी म्हणवणाऱ्या सरकारच्या काळात. १९७७ साली विरोधकांचे आंदोलन पेटल्यावर दारूबंदी, जुगारबंदी आणि शुक्रवारची सुट्टी जाहीर केली तीही भुट्टोंनीच. धर्मवाद्यांच्या दोन मागण्या मान्य केल्या की तिसरी येणार नाही, असे त्यांना वाटले असावे. तिसरी आली ती लष्कराच्या गाडीतून. ५ जुलै १९७७ रोजी जनरल झिया उल हक यांनी सत्ता बळकावली आणि १९७९ च्या एप्रिलात भुट्टोंना फाशी दिली.

लष्करशहा आणि शरीयत

झिया यांना कुणी निवडून दिले नव्हते. ज्याच्याकडे मतांचा आधार नसतो तो दुसरा आधार शोधतो. झियांनी धर्माचा आधार घेतला आणि जमाते इस्लामीने काही काळ त्यांच्या मंत्रिमंडळात जागा घेतली. फेब्रुवारी १९७९ मध्ये हुदूद अध्यादेश आले. बलात्काराची तक्रार घेऊन गेलेल्या स्त्रीवरच व्यभिचाराचा खटला होऊ लागला. १९८० साली शरीयत न्यायालय स्थापन झाले. १९८४ साली अहमदियांनी स्वतःला मुसलमान म्हणवणे हाच गुन्हा ठरला. १९८५ साली १९४९ चा तो ठराव घटनेचा अंमलदार भाग बनवला गेला. १९८६ साली पैगंबरांच्या निंदेबद्दल मृत्युदंडाची तरतूद आली.

डिसेंबर १९८४ मध्ये झियांनी सार्वमत घेतले. प्रश्न असा रचला होता की, कायदे इस्लामनुसार करण्याच्या प्रक्रियेला तुमचा पाठिंबा आहे काय? "होय" म्हटले की झिया पाच वर्षांसाठी राष्ट्राध्यक्ष! "नाही" म्हणावे तर धर्माला नकार दिल्यासारखे. धर्माचा राजकीय वापर म्हणजे काय, हे एवढ्या एका मतपत्रिकेवरून विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे.

आणि त्याच वर्षी झियांनी विद्यार्थी संघटनांवर बंदी घातली. विद्यापीठांत जमातची विद्यार्थी शाखा प्रबळ होती. तीही त्या बंदीत सापडली. गरज असेपर्यंत मित्र, गरज सरली की बंदी! राज्याने पक्षाला वापरले, पक्षाने राज्याला वापरले, आणि दोघांच्या मध्ये सापडला तो दुबळा माणूस.

याच काळातील विभक्त मतदारसंघांची गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९८५ च्या निवडणुकीपासून पाकिस्तानात बिगर-मुस्लिमांचे मतदान वेगळे केले गेले. राष्ट्रीय सभेत ख्रिस्ती समाजाला ४, हिंदू व अनुसूचित जातींना मिळून ४, अहमदियांना १ आणि शीख, बौद्ध, पारशी वगैरे सर्वांना मिळून १ जागा. कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी विभक्त मतदारसंघच मागितले होते ना? फरक नीट पाहा. १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना दोन मते मिळणार होती, एक आपल्या प्रतिनिधीसाठी आणि दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. म्हणजे सवर्ण उमेदवारालाही अस्पृश्याच्या दारात यावे लागले असते. पाकिस्तानात बिगर-मुस्लिमांकडे राष्ट्रीय सभेसाठी वेगळे केलेले एकच मत उरले. गावच्या मुसलमान उमेदवाराला ख्रिस्ती वस्तीत जाण्याचे कारणच संपले. एक मागणी दुबळ्याने स्वतःच्या संरक्षणासाठी केली होती, दुसरी व्यवस्था सत्तेने त्याला वेशीबाहेर ठेवण्यासाठी लादली. २००२ साली ही पद्धत रद्द झाली. मधल्या सतरा वर्षांत एक पिढी राजकारणाबाहेर गेली.

पाकिस्तानी पंजाबमधील बहुतांश ख्रिस्ती हे पूर्वीच्या अस्पृश्य जातींतून धर्मांतर केलेले, आणि त्यांच्यातील कितीतरी आजही सफाईचे काम करणारे. धर्मनिंदेच्या कायद्याचा फटका या वस्त्यांना वारंवार बसला. त्या कायद्यात सुधारणा मागणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांचा ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने खून केला, आणि न्यायालयात त्या खुन्यावर वकिलांनी फुले उधळली. दोन महिन्यांत अल्पसंख्याक मंत्री शाहबाज भट्टी मारले गेले. तासीर मुसलमान होते, भट्टी ख्रिस्ती. फेब्रुवारी १९८३ मध्ये लाहोरच्या रस्त्यावर साक्षीच्या कायद्याविरुद्ध लाठ्या खाणाऱ्या स्त्रियाही मुसलमानच होत्या. या लढवय्यांना आपण आपले मानले पाहिजे.

त्या खुन्याला २०१६ साली फाशी झाली आणि त्याच्या उदात्तीकरणावर तहरीके लब्बैक हा पक्ष वाढला. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याने राजधानीचा रस्ता अडवून कायदामंत्र्याचा राजीनामा मिळवला. एप्रिल २०२१ मध्ये त्याच्यावर बंदी आली, नोव्हेंबरात ती उठली, ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा आली. तुरुंग आणि तडजोड, तोच जुना खेळ.

बांगलादेश : दुसरी वाट, तोच खड्डा

१९७१ साली जमाते इस्लामीने पाकिस्तानी लष्कराची बाजू घेतली होती. म्हणून बांगलादेशाच्या १९७२ च्या घटनेने धर्मनिरपेक्षता स्वीकारली आणि धर्माधिष्ठित पक्षांना मनाई केली. पण १९७५ नंतर आलेल्या लष्करशहांना तोच जुना आधार लागला. १९७७ साली झियाउर रहमान यांनी धर्मनिरपेक्षता काढली. १९८८ साली एर्शाद यांनी इस्लामला राज्यधर्म केले. जमातशी सोयरीक मग दोन्ही मोठ्या पक्षांनी आपापल्या सोयीने केली. २००१ ते २००६ या काळात जमातचे दोन मंत्री होते. २०१३ साली पक्षाची नोंदणी रद्द झाली, १ ऑगस्ट २०२४ रोजी बंदी आली, त्याच महिन्यात राजवट कोसळल्यावर ती उठली, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने नोंदणीचा मार्ग मोकळा केला.

२९ सप्टेंबर २०१२ च्या रात्री कॉक्स बाजार जिल्ह्यातील रामू येथे फेसबुकवरील एका चित्राचे निमित्त करून जमावाने बौद्ध विहार आणि बौद्धांची घरे जाळली. त्या वेळी देशात धर्मनिरपेक्ष म्हणवणारे सरकार होते. जमावात सत्ताधारी पक्षासह निरनिराळ्या पक्षांची स्थानिक माणसे असल्याचे वृत्तपत्रांनी लिहिले. सरकारने वर्षभरात लष्कराकडून विहार पुन्हा बांधून दिले. विटा पुन्हा रचता येतात, शेजाऱ्यावरचा विश्वास रचायला पिढ्या लागतात. विष एकदा राज्याच्या भाषेत मुरले की ते एका पक्षापुरते राहत नाही, हे रामूने दाखवले.

आपल्या घराकडेही पाहू

बंधूंनो, हे सर्व ऐकून कुणी म्हणेल की हा दोष इस्लामचाच. तसे म्हणणाऱ्याने श्रीलंकेकडे पाहावे. १९५६ साली भंडारनायके भिक्खू-संघटनांच्या पाठिंब्यावर आणि केवळ सिंहली भाषेच्या घोषणेवर निवडून आले. तमिळांशी तडजोडीचा त्यांनी प्रयत्न केला, तेव्हा त्याच पाठीराख्यांनी त्यांना माघार घ्यायला लावली. सप्टेंबर १९५९ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडणारा एक भिक्खूच होता. १९७२ च्या घटनेने बौद्ध धम्माला अग्रस्थान दिले, आणि पुढे तो देश पाव शतक यादवीत होरपळला. ज्या तथागताने कुणाचेही वचन केवळ ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका असे सांगितले, त्याच्या नावाने हे झाले. आपण बौद्ध आहोत म्हणून हे झाकणे धम्माला धरून होणार नाही.

तेव्हा प्रश्न अमुक एका धर्माचा नाही. लोकांचा विश्वास गमावलेली सत्ता धर्माच्या पक्षाला जवळ करते. त्या पक्षाला निवडणूक जिंकावी लागत नाही, कारण त्याचे काम सत्ताधारीच करून देतात. आणि एकदा दिलेले परत घेण्याची हिंमत पुढच्या कुणात राहत नाही.

यातून आपण काय घ्यावे? विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे की, कोणताही पक्ष धर्माचे नाव घेऊन आला तर त्याच्या जागा किती निवडून आल्या एवढेच मोजू नका. त्याची कोणती मागणी दुसऱ्या पक्षाने मुकाट्याने उचलली, ते पाहा. मंडल यांनी जिनांच्या शब्दावर विश्वास ठेवला. तो शब्द प्रामाणिक असेलही, पण माणसाबरोबर शब्द गेला. बाबासाहेबांनी कुणाच्या शब्दावर समाधान मानले नाही. त्यांनी कलमे लिहिली, आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात व्यक्तिपूजेचा धोकाही स्पष्ट सांगितला. आश्वासन देणारा मोठा आहे म्हणून निश्चिंत होणे आपल्याला परवडणारे नाही.

आज आपल्या देशातही घटनेपेक्षा धर्म मोठा म्हणणारे आवाज सर्व बाजूंनी ऐकू येतात. मुसलमान बांधवाकडे संशयाने पाहून हा प्रश्न सुटणार नाही. तो आणि आपण एकाच कलमाच्या आश्रयाला आहोत. ते कलम त्याच्यासाठी दुबळे झाले तर आपल्यासाठी मजबूत राहील, या भ्रमात कुणी राहू नये.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम!